एका पदकावरचे दोन क्रॉस

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांच्या पेटीत धातूचं एक गोल पदक सापडलं. कडेनं स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेला साप. आत एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण, त्यांच्या मधोमध वर फास असलेला क्रॉस, आणि सापाच्या तोंडाशी एका बारक्या वर्तुळात स्वस्तिक. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की फासाचा क्रॉस इजिप्तचा, तोच सगळ्या क्रॉसांचा मूळपुरुष. स्वस्तिक त्यातूनच निघालं, ख्रिस्ती क्रॉसही त्यातूनच, आणि त्याचा खरा अर्थ मुद्दाम लपवून ठेवला गेला. तुम्हाला तो खरा, मूळ अर्थ हवा आहे. शिवाय असं पदक गळ्यात घालावं की नाही, हेही विचारलं आहे.

पदक ओळखणं अवघड नाही. तुम्ही दिलेलं वर्णन थिऑसॉफिकल सोसायटीच्या मुद्रेचं आहे. मादाम ब्लाव्हात्स्की, कर्नल ऑल्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गूढविद्येचा अभ्यास करणारी ही संस्था १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन केली आणि पुढे तिचं मुख्यालय चेन्नईजवळ अड्यारला आलं. संस्थेचं ब्रीदवाक्य ‘सत्यान्नास्ति परो धर्मः’. पदकाच्या कडेला किंवा मागे हे शब्द किंवा त्यांचं इंग्रजी रूप असेल, तर शंका उरणार नाही. म्हणजे तुमचं पदक फार तर दीडशे वर्षांचं. त्यावरची चिन्हं मात्र हजारो वर्षांची आहेत. आणि त्या चिन्हांना एका चौकटीत बसवून ‘हे सगळं एकच ज्ञान आहे’ असं म्हणणं, ते एकोणिसाव्या शतकातलं आहे. वय मोजताना या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की अर्धा गुंता सुटतो.

शिक्के, पदकं आणि ताईत यांची नोंद करण्याचं काम मी वीस वर्षांहून जास्त काळ करते आहे. क्रॉसबद्दलचा प्रश्न माझ्यापुढे बहुतेक वेळा याच रूपात येतो: ‘याचा मूळ अर्थ काय?’ त्यात खरं तर तीन प्रश्न दडलेले असतात. हा आकार माणसाला कुठून सुचला? हा नमुना ज्यांनी घडवला त्यांच्या लेखी त्याचा अर्थ काय होता? आणि नंतरच्या एखाद्या गूढ संप्रदायानं त्यावर कोणता अर्थ चढवला? तिन्हींची उत्तरं वेगळी असतात. एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलं की ‘सगळे क्रॉस इजिप्तचे’ अशी विधानं जन्माला येतात.

आधी आकार. दोन रेघा एकमेकींना छेदल्या की क्रॉस झाला. आपण त्याला फुली म्हणतो, बेरजेत तीच अधिकचं चिन्ह होते, आणि दोन रस्ते छेदतात त्या जागेला आपण चौफुली म्हणतो. या शब्दातच आकाराचं मूळ आहे. उभं राहिलेल्या माणसाला समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा चार दिशा असतात आणि तो स्वतः मध्यावर असतो. एवढं कळायला कुणाकडून काही शिकावं लागत नाही. म्हणून हा आकार ज्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता अशा लोकांकडे सापडतो.

मेक्सिकोतल्या पालेंके इथे सातव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं एक मंदिर आहे. आज त्याला ‘क्रॉसचं मंदिर’ म्हणतात, पण हे नाव नंतरच्या लोकांनी दिलेलं. तिथल्या शिल्पात दिसतो तो माया लोकांचा विश्ववृक्ष: मुळं पाताळात, फांद्या आकाशात. मध्य आफ्रिकेतल्या काँगो लोकांकडे वर्तुळात क्रॉस आहे. त्याची आडवी रेघ म्हणजे कालुंगा, जिवंत आणि मेलेल्यांच्या जगांमधलं पाणी. चार टोकं म्हणजे सूर्याच्या चार वेळा: उगवती, माध्यान्ह, मावळती आणि मध्यरात्र, जेव्हा सूर्य मेलेल्यांच्या जगात डोक्यावर असतो. १४९१ मध्ये काँगोच्या राजानं बाप्तिस्मा घेतला. पाद्र्यांना वाटलं, लोकांनी आपला क्रॉस स्वीकारला. लोकांना त्यात स्वतःचं ओळखीचं चिन्ह दिसत होतं. चिन्ह सारखं आणि अर्थ दोन, हे इतक्या स्वच्छपणे फार कमी ठिकाणी पाहायला मिळतं.

आता तुमच्या पदकाचा मधला भाग, म्हणजे तो फासाचा क्रॉस. त्याचं नाव आंख. तुतनखामून हे नाव तुम्ही ऐकलेलं असेल. त्याच्या मधोमध हाच शब्द बसलेला आहे: तुत-आंख-आमून, आमूनची जिवंत प्रतिमा. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत हे चिन्ह ‘जीवन’ लिहिण्यासाठी वापरत. म्हणजे मुळात तो क्रॉसच नव्हता, तो एक लिहिलेला शब्द होता. चित्रांमध्ये देव तो फासाला धरून हातात घेतात आणि राजाच्या नाकाशी नेतात, कारण जीवन श्वासातून आत जातं.

एखादा जुना, बारकाईनं कोरलेला आंख जवळून पाहा. नीट रंगवलेल्या नमुन्यांत खालची दांडी एकसंध नसते. ती मधून चिरल्यासारखी, शेजारी शेजारी लोंबणाऱ्या दोन पट्ट्यांची असते, आणि जिथे फास, आडवी पट्टी आणि दांडी भेटतात तिथे गुंडाळल्यासारख्या रेघा दिसतात. पाहताक्षणी वाटतं, ही तर गाठ मारलेली फीत आहे. विसाव्या शतकातले लिपितज्ज्ञ ॲलन गार्डिनर यांनी तो चपलेचा पट्टा मानला. फास घोट्याभोवती, बाकीचे पट्टे पायावर. चपलेच्या पट्ट्याचा शब्द आणि ‘जीवन’ हा शब्द यांची व्यंजनं तीच आहेत आणि इजिप्तच्या लिपीत स्वर लिहीत नसत. म्हणून दिसणाऱ्या वस्तूचं चित्र न दिसणाऱ्या ‘जीवन’ या कल्पनेसाठी वापरलं गेलं. सगळ्यांनी हे मान्य केलेलं नाही. काही जण ती विधीतली गाठ मानतात. माझा कल गाठीकडे आहे, कारण त्या गुंडाळलेल्या रेघा मी विसरू शकत नाही. पण दोन्हींपैकी काहीही खरं असलं, तरी ‘फास म्हणजे स्त्री, दांडी म्हणजे पुरुष, दोघांचा संयोग म्हणजे सृष्टी’ ही आज सगळीकडे सांगितली जाणारी फोड इजिप्तच्या लोकांच्या लेखनात नाही. ती युरोपातल्या नंतरच्या अभ्यासकांची आणि गूढवाद्यांची आहे.

मग ख्रिस्ती क्रॉस आंखमधून निघाला का? इथे तारखा पाहाव्या लागतात. ख्रिस्ती ग्रीक हस्तलिखितांत, साधारण इसवी सन २०० च्या आसपासच्या मानल्या जाणाऱ्या पपायरसांवर, ‘स्टाउरोस’, म्हणजे क्रॉस, हा शब्द लिहिताना टाऊ आणि ऱ्हो ही अक्षरं एकावर एक चढवलेली आढळतात. टी सारख्या खांबावर गोल डोकं, लटकलेल्या माणसासारखं. इथे इजिप्तच्या चित्रलिपीचा काही संबंध नाही, दोन्ही अक्षरं ग्रीक आहेत. आंखशी गाठ पडली ती नंतर. इसवी सन ३९१ च्या सुमारास अलेक्झांड्रियातलं सेरापिस देवाचं मंदिर पाडलं गेलं, तेव्हा दगडांवर क्रॉससारखी चिन्हं दिसली. पुढच्या शतकातला इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हे, हा चर्चचा इतिहास लिहिणारा) सांगतो की ख्रिस्ती लोक म्हणू लागले हे आमचं आणि जुन्या धर्माचे लोक म्हणू लागले हे आमचं. मग ती लिपी येणाऱ्या काहींनी सांगितलं की त्याचा अर्थ ‘येणारं जीवन’. तेव्हापासून इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांनी, म्हणजे कॉप्टिक लोकांनी, फासाचा क्रॉस आपल्या थडग्यांवर आणि कापडांवर मनापासून वापरला. आई आणि मूल असं हे नातं नाही. दोन परकी चिन्हं एका जागी भेटली आणि एकमेकांना ओळखीची वाटली.

याच प्रश्नात आणखी एक दावा हटकून येतो: क्रॉस म्हणजे बाबिलोनच्या तम्मूझ देवाच्या नावातला टी. तम्मूझचं मूळ सुमेरी नाव दुमुझी आणि ते कीलाकार लिपीत लिहीत. त्या लिपीत रोमन टी सारखं अक्षरच नाही. हा दावा तेवढ्यावरच संपतो. हिब्रूच्या जुन्या लिपीत मात्र खरोखर एक सुंदर दुवा आहे. तिथलं शेवटचं अक्षर ताव, त्याचा अर्थच ‘खूण’, आणि जुन्या वळणात ते फुलीसारखं लिहीत. यहेज्केलच्या पुस्तकात नवव्या अध्यायात वाचवायच्या माणसांच्या कपाळावर ही खूण करायला सांगितली आहे. पुढे ख्रिस्ती लेखकांनी तिला क्रॉसशी जोडलं आणि इटलीतल्या असिसीचा संत फ्रान्सिस ताव-टाऊ सहीसारखा वापरू लागला.

मराठी बायबलमध्ये क्रॉसला ‘वधस्तंभ’ म्हटलं आहे. मला तो शब्द नेमका वाटतो, कारण ग्रीक स्टाउरोसचा मूळ अर्थ जमिनीत रोवलेला खांब असाच आहे. होमरच्या काव्यात तो कुंपणाच्या खांबांसाठी येतो. आणि इथे गूढपरंपरेतला एक अस्सल जुना अर्थ सापडतो. दुसऱ्या शतकातल्या व्हॅलेंटिनस या गूढवादी ख्रिस्ती गुरूच्या अनुयायांबद्दल त्यांचा विरोधक इरेनियस लिहितो की ते स्टाउरोसला ‘होरोस’, म्हणजे सीमा, असंही म्हणत. परिपूर्ण दैवी जग आणि त्याबाहेरचं उणं जग यांच्यामधली ती सीमा. ती आतल्याला आधार देते आणि बाहेरच्याला वेगळं करते. वधाचा खांब, कुंपणाचा खांब, विश्वाची सीमा. अर्थ एका शब्दाच्या पोटातून कसा वाढत जातो, ते इथे डोळ्यांनी दिसतं. अफलातून, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो, याच्या लेखनातही, ख्रिस्ताच्या साडेतीनशे वर्षं आधी, विश्वात्म्याची पट्टी उभी चिरून ग्रीक खी अक्षरासारखी, म्हणजे आपल्या गुणाकाराच्या फुलीसारखी, आडवी ठेवून गोल वाकवली आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं तिच्यात क्रॉस पाहिला. गूढ अर्थ शोधणाऱ्यांनी अशा जागा सोडू नयेत. इथे बोलणारा कोण आणि केव्हा बोलला, हे दोन्ही आपल्या हाताशी असतं.

आता स्वस्तिक. ते आंखमधून निघालं हे कालक्रमानंच शक्य नाही. युक्रेनमधल्या मेझिन इथे मॅमथच्या दातावर कोरलेल्या नक्षीत स्वस्तिकासारखी वळणं आहेत आणि ती जागा जुन्या अश्मयुगातली, दहा हजार वर्षांहून जुनी. आंख फार तर पाच हजार वर्षांचा. उलटही म्हणायचं नाही की मग सगळं युक्रेनमधून आलं. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर स्वस्तिक आहे, पण त्या लोकांनी त्याला काय म्हटलं ते आपल्याला वाचता येत नाही. ‘स्वस्ति’, म्हणजे कल्याण असो, हा शब्द संस्कृतातला आहे. सिंधूच्या मुद्रेवर तो परस्पर चिकटवू नये.

अर्थाची रचना कशी असते, हे पाहायला जैन परंपरा सर्वात चांगली. स्वस्तिक हे सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचं लांछन, म्हणजे ओळखचिन्ह. पूजेत अक्षतांनी ते रेखतात तेव्हा चार हात म्हणजे जन्माच्या चार गती: देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे) आणि नरक. जीव त्यात फिरत राहतो. वर तीन ठिपके: सम्यक दर्शन, सम्यक ज्ञान, सम्यक चारित्र्य. त्याही वर चंद्रकोर आणि एक ठिपका, सिद्धशिला आणि मुक्त जीव. म्हणजे इथे स्वस्तिक हे नुसतं शुभचिन्ह नसून ज्यातून सुटायचं तो फेरा आहे, आणि सुटकेची वाट त्याच्याच डोक्यावर मांडलेली आहे. तुमच्या पदकावरच्या स्वस्तिकाचा हा अर्थ नाही. पण एकाच आकारात किती वेगळा विचार मावू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हातांच्या दिशेबद्दल एवढंच: ‘उजवं शुभ, डावं अशुभ’ हा नियम सगळीकडे चालत नाही. तिबेटच्या बोन परंपरेत डावीकडे वळणारंच पवित्र आहे आणि जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण वर्षानुवर्षं डावं स्वस्तिक हीच होती.

‘एकच मूळ’ ही कल्पना मी इतक्या हट्टानं खोडून काढते, याचं कारण आहे. १८७० च्या दशकात हाइनरिश श्लीमानला ट्रॉयच्या उत्खननात या चिन्हाच्या मातीच्या चकत्या सापडल्या. काही अभ्यासकांनी लगेच मांडलं की हे चिन्ह एकाच आर्य वंशाचं. तिथून ते जर्मनीतल्या वंशवादी गूढमंडळांत गेलं, म्युनिकमध्ये १९१८ साली स्थापन झालेल्या थूले सोसायटीनं ते घेतलं आणि १९२० मध्ये नाझी पक्षानं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारी १९४० मध्ये ॲरिझोनात नॅव्हाहो, होपी, अपाची आणि पापागो या चार जमातींच्या प्रतिनिधींनी आपल्या टोपल्यांवर आणि घोंगड्यांवर हे चिन्ह यापुढे वापरणार नाही असं लिहून दिलं. युरोपातल्या चुकीच्या व्युत्पत्तीची किंमत ज्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता त्यांनी मोजली. म्हणून चिन्हाचं मूळ सांगताना तारीख आणि जागा सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

मग गूढ संप्रदायांचे अर्थ खोटे का? मुळीच नाही. ते नंतरचे आहेत, एवढंच. गुलाब आणि क्रॉस यांचं उदाहरण घ्या. रोझिक्रूशियन बंधुसंघाची घोषणा करणारं पत्रक १६१४ साली जर्मनीत कासेल इथे छापलं गेलं. त्यात संस्थापक पौर्वात्य प्रवासाहून ज्ञान घेऊन आल्याची कथा आहे. पण गुलाब आणि क्रॉस ही जोडी तेव्हाच्या जर्मनीत घरचीच होती: मार्टिन लूथरच्या मुद्रेत पांढऱ्या गुलाबात हृदय आणि हृदयात काळा क्रॉस आहे. पुढे १८८८ साली लंडनमध्ये गोल्डन डॉन ही संस्था निघाली. तिच्या क्रॉसच्या मधल्या गुलाबाला तीन वलयांत बावीस पाकळ्या आहेत: आत तीन, मग सात, बाहेर बारा. हिब्रू वर्णमालेतली बावीस अक्षरं जुन्या यहुदी गूढग्रंथात याच तीन, सात, बारा गटांत विभागली आहेत. चार हात ही चार महाभूतं. साधक या पाकळ्यांवरून बोट फिरवून नावातल्या अक्षरांना रेघेनं जोडतो आणि मुद्रा तयार करतो. हे चिन्ह विचारपूर्वक बांधलेलं यंत्र आहे. आपल्याकडच्या यंत्रांची ओळख असलेल्या माणसाला ते लगेच उमगतं. त्याचं मोल ते इजिप्तचं असण्यावर अवलंबून नाही. १८८८ चं आहे म्हणून ते कमी पवित्र ठरत नाही, फक्त त्याला तीन हजार वर्षं जुनं म्हणू नये.

तुमच्या पदकाचंही तसंच आहे. त्याच्या कर्त्यांच्या मते साप म्हणजे काळाचं न संपणारं वर्तुळ, गुंतलेले त्रिकोण म्हणजे चैतन्य आणि जडाचा मेळ, मधला आंख म्हणजे जीवन आणि वरचं स्वस्तिक म्हणजे विश्वातली फिरती शक्ती. हा अर्थ त्या संस्थेचा आहे, पूर्ण आहे आणि आजोबांनी ते पदक ठेवलं असेल तर बहुधा त्यांना याच अर्थाशी जवळीक वाटली असेल.

काही गोष्टी मात्र वस्तू पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. एकदा एका गृहस्थांनी माझ्याकडे ‘थडग्यातला’ म्हणून चांदीचा आंख आणला होता. भिंगाखाली कडेनं साच्याची शिवण सरळ दिसत होती आणि फासाच्या आतल्या बाजूला ९२५ असा बारीक ठसा, म्हणजे आधुनिक चांदीच्या शुद्धतेचा. ते निराश झाले. माझ्या हातात मात्र एका माणसाच्या गळ्यात वर्षानुवर्षं राहून गुळगुळीत झालेला फास होता आणि तो अनुभव खराच होता. तेव्हा तुम्ही असं करा. पदकाची मागची बाजू, कड आणि कडी यांचे तिरक्या उजेडातले फोटो काढा. अक्षरं असतील तर ती कोणत्या लिपीत आहेत पाहा. ॐ कोरलेला आहे का, असेल तर कुठे. स्वस्तिकाचे हात कोणत्या दिशेला वळतात. कडी डागलेली आहे की पदकाबरोबरच ओतलेली. कडी झिजलेली असेल तर ते घातलं जात होतं, नसेल तर फक्त जपलेलं होतं. ब्रासो किंवा चिंचेनं घासू नका, ठशाच्या खोलगट भागातला काळेपणा तसाच राहू द्या.

घालावं की नाही, हे तुम्ही कुठे आणि कुणात वावरता यावर अवलंबून आहे. अशुभ वगैरे त्यात काही नाही. जर्मनीसारख्या देशात नाझी चिन्हं जाहीरपणे वापरणं गुन्हा आहे. तुमचं स्वस्तिक ते नव्हे, पण दुरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही आणि ज्याच्या घरातली माणसं त्या चिन्हाखाली मारली गेली त्याला तो कळावा अशी अपेक्षा मी करणार नाही. तिथे जाताना ते घरी ठेवा. एरवी हवं तर घाला. कुणी विचारलं तर सांगा: पदक एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या संस्थेचं, आंख इजिप्तचा, स्वस्तिक कित्येक लोकांचं. फोटो आले की कडीबद्दल आणि धातूबद्दल मला आणखी सांगता येईल.